धुवायच्या आधी विचारायचं

आई, पंधरा दिवसांपूर्वी मी शाळेत तुझ्या नावानं एक कागद भरला. वर नाव लिहायला जागा नव्हती, त्यामुळे कुणाला कळलं नाही. शेजारच्या बाईंना वाटलं, पहिला खराब झाला म्हणून मी दुसरा मागून घेतला. आमच्या शाळेत पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या, आम्हा शिक्षकांना शिकवायला. त्यांचा आवाज मऊ होता आणि त्या कुणालाच दोष देत नव्हत्या, म्हणून मला पहिल्यापासून संशय आला. त्या म्हणाल्या, मूल वही विसरतं तेव्हा आपण मुलाकडे बघतो. पण त्याच्या घरी दप्तर कोण भरून घेतं, कामाची आखणी कोण करतं, आखलेलं मोडलं तर कोण चिडतं आणि कोण परत मांडतं, हे बघत नाही. आईबाप स्वतःला जे जमतं ते मुलाचा हात धरून शिकवतात. जे स्वतःलाच जमत नाही तिथं एकतर ओरडतात, नाहीतर सगळं आपणच करून टाकतात. मी दुसऱ्या रांगेत बसून हे नीट लिहून घेतलं. लिहिताना मनात म्हणत होते, बघू, फिरून फिरून हे आईच्याच दारात येऊन थांबणार.

मग त्यांनी प्रश्नांचा कागद वाटला. पालकसभेत पालकांकडून तो भरून घ्यायचा होता, पण आधी शिक्षकांनी स्वतःसाठी भरायचा. ठरवलेलं काम तुम्ही वेळेवर सुरू करता का? मध्येच कुणी हाक मारली तर परत त्याच कामाकडे वळता का? मुलानं चूक केली की बोलण्याआधी क्षणभर थांबता का? माझा कागद पाच मिनिटांत भरून झाला. सगळीकडे 'नेहमी'. इतका स्वच्छ कागद दुसऱ्या कुणाचा असता तर मी म्हटलं असतं, ही बाई खोटं बोलतेय. म्हणून दुसरा कागद घेतला आणि तुला समोर बसवलं.

तुझा कागद भरणं सोपं नव्हतं, कारण तू दोन होतीस. एक चटणीच्या दिवसांतली. फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत, मंगळवार पेठेपासून पार बावड्यापर्यंतच्या घरांतून तुला बोलावणं यायचं. वर्षाची कांदा-लसणाची चटणी करायची म्हणजे तूच पाहिजेस. कुणाकडे ब्याडगी मिरची जास्त, कुणाकडे संकेश्वरी; कुणाच्या सासऱ्यांना सोसत नाही म्हणून तिखट बेतानं, मोहल्ल्यातल्या एका घरी शहाजिरं दुप्पट, कुठं नागकेसर अजिबात नको. हे सगळं तुझ्या डोक्यात. आधी धणे, मग जिरं, मग तीळ, खोबरं वेगळं, खसखस कढई खाली उतरवल्यावर, नुसत्या तिच्या गरमीवर, हिंगाचा खडा तेलात फुलला की लगेच बाहेर. कढईपुढं बसून तुला गच्चीवरच्या मिरच्यांना ऊन किती लागलं ते कळायचं आणि कांडपाच्या गिरणीत आपला नंबर कधी येईल तेही. एका चुलीवरचं दुसऱ्या चुलीवर, दुसरीवरचं परातीत, मध्येच कुणाचं पोर रडतं म्हणून त्याला खोबऱ्याचा तुकडा, आणि तुझा हात कधी चुकला नाही. सुट्टीत मी मिरच्यांचे देठ काढायला तुझ्याबरोबर यायची. एकदा एक वैनी तुला म्हणाल्या, "मावशी, एवढं सगळं डोक्यात ठेवता? लिहून तरी ठेवा की." तू कढईतनं मान वर न काढता म्हणालीस, "लिवून ठिवलं की डोस्कं म्हणतंय, आता माझं काय काम? आन् निजतंय. वैनी, त्या मिरच्या पालथ्या घाला आधी, बोलत ऱ्हायलासा तर ऊन जाईल." त्या हसत हसत गच्चीवर गेल्या. मालकीण त्या होत्या, पण चटणीच्या दिवशी हुकूम तुझा चालायचा.

दुसरी तू कागदापुढची. शाळेतून चिठ्ठी आली की तू ती दोन्ही हातांनी धरायचीस, देवळातला प्रसाद धरावा तशी, आणि कुठंतरी ठेवायचीस. ते 'कुठंतरी' परत सापडायचं नाही. गॅदरिंगला मला पांढरा फ्रॉक घालून गुरुवारी न्यायचं होतं, तू शुक्रवारी नेलंस. मंडप सोडणारी माणसं आमच्याकडे बघून हसली. रस्त्यात मी रडायला लागल्यावर तू माझ्यावरच खेकसलीस, "तुला त्वांड न्हाई व्हय? आई कामात हाय म्हटल्यावर आठवण कराया काय झिजतीस?" मी तेव्हा दुसरीत होते. त्या दिवसापासून मी तुझी आठवण झाले. सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य माझं असायचं. आई, आज मंगळवार. आई, आज रेशन. आई, परवा आप्पांची पाळी बदलते, डबा दुपारी नाही, सकाळी. आप्पा शिरोलीच्या फाउंड्रीत होते आणि घरी असले की झोपलेले असायचे. त्यामुळे घर चालायचं ते तुझ्या हातांवर आणि माझ्या तोंडावर.

आणि गाठींवर. त्या कागदावर एक प्रश्न होता, आठवण राहण्यासाठी तुम्ही कशाचा आधार घेता, वही, कॅलेंडर, मोबाईल, इतर. तुझ्यासाठी मी 'इतर'वर खूण केली आणि पुढं लिहिलं, पदराची गाठ. काही ध्यानात ठेवायचं असलं की तू पदराच्या टोकाला गाठ मारायचीस. दोन कामं, दोन गाठी. चटणीच्या दिवसांत तुझ्या अंगावरच्या साडीला तिखट बसायचं, म्हणून घरी आल्याबरोबर साडी बदलून ती वेगळ्या बादलीत. तुझ्या हातांची आग व्हायची, तू पायरीवर ताकाच्या भांड्यात हात बुडवून बसायचीस, आणि ती साडी धुवायचं काम माझं होतं. त्याचा एकच नियम होता. धुवायच्या आधी विचारायचं. मी आतून ओरडायची, "आई, ही गाठ कशाची?" तू सांगायचीस. मग ती मी सोडायची, आणि तू नेसलेल्या दुसऱ्या साडीच्या पदराला तशीच बांधून द्यायची. अशी एकेक गाठ आठ-आठ दिवस या साडीवरून त्या साडीवर जायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमच्या घरात साड्या बदलत्यात, गाठी न्हाई."

चौथीत असताना गुरुजी घरी आले ते तुला आठवत असेल. मलकापूरच्या बाजूला एक निवासी शाळा होती, तिथं पाचवीपासून मुलींना ठेवून घ्यायचे, परीक्षा घेऊन. आमच्या वर्गातून गुरुजींनी फक्त मला निवडलं होतं. शाळेचा शिक्का मारलेला फॉर्म त्यांनी तुझ्या हातात दिला आणि दोनदा सांगितलं, शनिवारी बाराच्या आत, पालकानं स्वतः ऑफिसात जाऊन द्यायचा, तिथं त्यांच्यासमोर आणखी एक सही असते. गुरुजींना त्या आठवड्यात दुसऱ्या गावी कामाला पाठवलं होतं, नाहीतर ते स्वतः बरोबर आले असते. तू त्यांच्यादेखत पदराला गाठ मारलीस. "हाय ध्येनात, गुरुजी. जातो मी शनिवारी." सोमवार होता तो. रोज संध्याकाळी मी विचारलं, ही गाठ कशाची, आणि रोज तू म्हणालीस, तुझ्या फारमाची. तुझ्या आवाजात मला आनंद ऐकू येत नव्हता. मी ऐकायचा फार प्रयत्न केला.

शुक्रवारी मी शाळेतून आले तेव्हा तू पायरीवर काकूंशी बोलत होतीस. मी मागच्या दारानं आत गेले, तुम्हाला कळलं नाही. काकू म्हणाल्या, "जाऊ दे की पोरीला, शिकंल." तू म्हणालीस, "जाईल ती. पर मला कोण ध्येनात ठेवून देणार गं? घरातलं क्यालेंडर जाईल की माझं." आणि तुम्ही दोघी हसलात. शनिवारी तू सकाळीच चटणीला गेलीस, परत आलीस ती चार वाजता. रविवारी गुरुजी आले आणि दारातूनच म्हणाले, "दिला ना फॉर्म?" तुझा हात पदराकडे गेला. टोक चाचपलंस, उलटंपालटं केलंस, दुसरं टोक बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "इसरलो, गुरुजी." गुरुजी चहा न घेता गेले.

त्यानंतर मी तुला आठवण करायचं सोडून दिलं. भांडले नाही, नुसती गप्प बसले. तू विचारायचीस, "आज वार कुठला गं?" आणि मी म्हणायची, बघ की भिंतीवर. जवळच्याच शाळेत दहावी झाले, बारावीच्या वर्षी तुला ताप आला आणि आठ दिवसांत तू गेलीस. त्या आठ दिवसांतही मी औषधांच्या वेळा चोख सांभाळल्या, पण तुझ्याशी बोलले ते मोजून कामापुरतं. पुढं बी.ए. झाले, बी.एड. झाले. घरात पहिली. आप्पांनी फाउंड्रीत पेढे वाटले. आणि मग मी ती गोष्ट सांगायला लागले. लग्नाआधी नवऱ्याला सांगितली. नोकरीच्या मुलाखतीत सांगितली. महिला दिनाला माईक हातात घेऊन शंभर बायकांपुढं सांगितली, की माझ्या आईला वीस घरांच्या चटण्या तोंडपाठ होत्या, तिला एक तारीख लक्षात राहत नाही असं कसं होईल. तिला घरात माझी गरज होती, म्हणून ती मुद्दाम विसरली, पदर चाचपायचं नाटक केलं, आणि तरीही मी शिकले. बायका टाळ्या वाजवायच्या. काहींचे डोळे भरून यायचे. मला वाटायचं, मी कुणाच्या तरी मुलीची वाट मोकळी करतेय. मनापासून वाटायचं, आई.

आता माझ्या घरी ये आणि बघ. फ्रिजच्या दारावर सात रंगांचा तक्ता आहे. उठणं, दात, दूध, दप्तर, सगळ्याला वेळ, आणि प्रत्येक वेळेला मोबाईलवर वेगळी घंटा. तुझी नात सात वर्षांची आहे. तिची वही, डबा, रुमाल कधी राहिला नाही, कारण ते तिच्या हातून जातच नाहीत, माझ्या हातून जातात. नवरा म्हणतो, "घर हाय का एसटी स्टँड? कवा कुठली गाडी लागंल, पत्ता न्हाई." मला त्याचाही संशय येतो, की हा हसण्यावारी नेऊन स्वतःची कामं माझ्यावर ढकलतोय. बहुतेक वेळा तो ढकलत असतोच. पण गेल्या महिन्यात मुलीच्या वर्गशिक्षिकेनं मला थांबवलं. म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण पान संपलं तरी उलटत नाही. सांगितल्यावर उलटते." मी म्हटलं, लाजाळू आहे. घरी आल्यावर तिला विचारलं, भूक लागली का? तिनं मोबाईलकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून वाजलं नाही ना, मम्मी?"

एवढं होऊनही मी माझ्या कागदावर 'नेहमी', 'नेहमी' लिहून आले होते. खरी गोष्ट घडली ती गेल्या शनिवारी, पालकसभेत. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, पाचवीतली, खो-खोत वाऱ्यासारखी पळते. कुरुंदवाडला सामने होते आणि पालकांच्या सहीचा कागद आला नाही म्हणून तिला नेता आलं नाही. तिची आई एका खानावळीत चपात्या करते. दोन तासांत दीड-दोनशे, एकसारख्या, मी एकदा जाऊन बघितल्यात. माझं आधीच ठरलं होतं. ती समोर बसल्यावर मी प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "ताई, एक विचारते, राग मानू नका. मुलगी घरी धाकट्याला सांभाळायला लागते, म्हणून सही केली नाही का तुम्ही?" मी आवाज मऊ ठेवला होता, पुण्याच्या मॅडमसारखा. ती खुर्चीतून अर्धी उठली. "काय म्हणालासा? मी मुद्दाम? बाई, शिकल्यालं माणूस तुम्ही, इचार करून बोला की जरा! पोरगी समोर मैदानात पळायला लागली की मी खानावळीच्या दारात यून बघतो, मालक वरडतोय तरी बघतो. मला कागदातलं कळत न्हाई, खरं हाय. आज हे न्ह्या, उद्या ते भरा, सगळं ही पोरगीच सांगती मला. ह्या टायमाला तिनंच सांगितलं न्हाई, तर मी काय सपान बघू?" आजूबाजूचे पालक वळून बघायला लागले. मी मुलीकडे वळले. ती भिंतीला टेकून उभी होती. "का गं, आईला सांगितलं नाहीस?"

"इसरलो, बाई," ती म्हणाली.

पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती तिच्या आईच्या तोंडाकडे बघत होती, बारीक डोळे करून, एकटक. विसरलेलं मूल असं बघत नाही. विसरलेलं मूल खाली बघतं. ही वाट बघत होती, आईला आता वाईट वाटतंय का, किती वाटतंय, पुरेसं वाटतंय का. ती नजर मी ओळखली. तिच्या आईची मी माफी मागितली, सगळ्यांसमोर, हात जोडून. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुमाला तरी कोण सांगणार," आणि पोरीच्या पाठीत एक हलकीशी थाप मारून तिला घेऊन गेली. माझ्यापुढचा कागद कोराच राहिला.

तिथून मी रिक्षा करून आप्पांकडे गेले. त्यांना सरळ विचारलं, आईनं माझा तो फॉर्म मुद्दाम दिला नाही ना? आप्पा म्हणाले, "मुद्दाम? गुरुजी यून गेल्यावर सोमवारी चटणीचं घर बुडवून गेलती की ती हापिसात. उशीर झाला म्हणून घेतला न्हाई त्यांनी. उन्हाची चालत आली परत. तुला सांगू नगं म्हणाली, पोरगी आणिक रागाला जाईल म्हणाली." मी लगेच विश्वास ठेवला नाही. गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच बोलतात, आणि आप्पांना तर सोमवार-मंगळवारातला फरक कधी कळत नव्हता. मग ते उठले आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी केलेला फॉर्म काढून आणला. नाव, पत्ता, सगळं भरलेलं, त्या गच्चीवाल्या वैनींच्या गोल अक्षरात. माझा दोन वेण्यांचा फोटो चिकटवलेला, तो तू कधी काढून आणलास मला आजही माहीत नाही. खाली तुझी सही, पहिलं अक्षर दोनदा गिरवलेलं. आणि सहीशेजारी बोटाचा तांबूस डाग. कुंकवाचा असेल म्हणून मी वास घेऊन बघितला. पंचवीस वर्षांत वास कुठला राहायला. डागानं काय सिद्ध होतं? सही केलीस एवढंच. सही करूनही माणूस मुद्दाम विसरू शकतं, असं मी परत येताना रिक्षात स्वतःला सांगत होते. स्टेशन रोडपर्यंत सांगत होते. पुढं सांगवेना.

या आठवड्यात मी फ्रिजवरचा तक्ता काढला. मॅडमनी सांगितलं होतं, एकदम काढू नका, एकेक गोष्ट मुलाच्या हातात द्या, चुकलं तर जवळ उभ्या राहा. मी एकदम काढला. काल सकाळी मुलगी दप्तर घेऊन निघाली आणि डबा ओट्यावरच राहिला. मला दिसत होता. ती बूट घालत होती, मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते आणि बोलले नाही. शिकू दे, असं मनात म्हटलं. पण मी उभी होते ती श्वास धरून, आणि डोळे बारीक करून बघत होते, हिला आठवतं का, आता तरी आठवतं का. तेवढ्यात मला त्या खो-खोच्या पोरीचे डोळे आठवले. मी शिकवत नव्हते, आई. मी परीक्षा घेत होते. डबा उचलला आणि जिना उतरून तशीच अनवाणी पळाले. रिक्षावाले काका म्हणाले, "मॅडम, आज तुमची घंटा वाजली न्हाई वाटतं." मुलगी म्हणाली, "मम्मी, मी विसरले. तू सांगितलं का नाहीस?" रागानं विचारलं नाही तिनं. नेहमीसारखं मी सांगितलं नाही, याचं तिला नुसतं नवल वाटलं होतं.

शाळेतला तुझा कागद माझ्या पर्समध्येच आहे, तो मी जमा केला नाही. हे लिहिलेलंही त्याच्याबरोबरच राहील. कुठं जाणार नाही, म्हणूनच आता लिहिते. त्या शुक्रवारी पायरीवर तुमचं हसणं झालं, आणि मी न्हाणीत गेले. बादलीत तुझी साडी भिजत होती. पदराला एकच गाठ, लहान आणि घट्ट. त्या दिवशी मी विचारलं नाही. ती कशाची हे मला ठाऊक होतं. हिला वीस घरांच्या चटण्या गाठीशिवाय लक्षात राहतात, मग मी राहते का बघू, एवढंच मनात होतं. ओली गाठ नखांनी सुटेना, म्हणून मी दात लावले. सुटल्यावर दुसऱ्या पदराला न बांधता साडी दोन पाण्यांतून काढली, पिळली, दोरीवर टाकली. ओठ, जीभ, हिरड्या, सगळ्यांची आग होत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तू आत आलीस आणि म्हणालीस, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, तिखट गेलं. तू माझ्या ओठांकडे बघितलंस, बराच वेळ. मग दोरीवरच्या साडीकडे बघितलंस की नाही, हे मला कितीही आठवलं तरी आठवत नाही. वाडग्यात ताजं ताक आणून माझ्यापुढं धरलंस आणि म्हणालीस, "घे, चूळ भर." मी चूळ भरली, आणि तुला काहीच सांगितलं नाही.